लाल दिवा लागलाच नव्हता

गेल्या वर्षी श्रावणात एका जुन्या संगणकापायी मी ३८,५०० रुपये आणि वर ६४० रुपये मालवाहतुकीचे भाडे घालवले. पैसे गेल्याचे दुःख आता बरेचसे ओसरले आहे, परंतु ज्या रीतीने ते गेले ती रीत या छंदातील इतरांना ठाऊक असावी, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. मला फसवणाऱ्या माणसाला जुन्या संगणकांतील काहीही कळत नव्हते. जे कळत होते ते सगळे मीच त्याला शिकवले होते, आणि हे माझ्या ध्यानात यायला पार्सल उघडावे लागले.

ज्या यंत्रासाठी हे घडले ते बीबीसी मायक्रो. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने १९८१ च्या अखेरीस बाजारात आणलेला हा संगणक १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारच्या ‘क्लास’ या संगणक साक्षरता योजनेतून आपल्याकडच्या सुमारे अडीचशे शाळांत पोहोचला, आणि पुढे ही संख्या वाढत गेली. माझ्या शाळेतही तो होता. १९८७ मध्ये आठवीत असताना आठवड्यातून एक तास, दोघांत एक यंत्र, आणि चपला-बूट खोलीबाहेर काढून ठेवल्याशिवाय आत प्रवेश नाही, असा त्याचा थाट असे. फिकट बदामी रंगाची पेटी, काळ्या कळा, वरच्या ओळीत दहा तांबड्या कळा, आणि बटण दाबताच आधी खर्जातला लांब सूर व लगेच वरच्या पट्टीतला तोकडा सूर. ते दोन सूर माझ्या कानात अजून आहेत, आणि खरे सांगायचे तर माझी फसवणूक त्या सुरांपासूनच सुरू झाली.

माझ्या छंदाचे दुसरे अंग म्हणजे इंटरनेटच्या आरंभीच्या काळातील वस्ती. १९९७ मध्ये पुण्यात नोकरीला असताना माझ्याकडे विदेश संचार निगमचे शेल खाते होते, म्हणजे चित्रे नाहीत, रंग नाहीत, काळ्या पडद्यावर नुसती अक्षरे. ‘पाईन’मध्ये पत्रे वाचायची आणि रात्री उशिरा यूजनेट या लेखी चर्चागटांच्या जाळ्यावरील ‘सॉक.कल्चर.इंडियन.मराठी’ या गटात डोकावायचे. तिथे अमेरिकेतला कोणी भाकरीच्या पिठाबद्दल विचारत असे आणि ठाण्यातला कोणी त्याला तपशीलवार उत्तर देत असे. चेहरा कुणाचाच दिसत नव्हता, तरी दिलेला शब्द पाळला जाईल असे गृहीत धरले जाई. त्या काळात मी एका अनोळखी गृहस्थांना आगाऊ पैसे पाठवून त्यांच्याकडून वापरलेला मोडेम मागवला होता, आणि तो वेळेवर, सुस्थितीत, तारेसकट आला होता. त्या एका मोडेमने मला पुढची सत्तावीस वर्षे भोळे ठेवले, असे आता वाटते.

शिकागोत वॉर्ड क्रिस्टेनसेन आणि रँडी सूस यांनी फेब्रुवारी १९७८ मध्ये टेलिफोनच्या तारेवर पहिला बुलेटिन बोर्ड, म्हणजे मोडेमने जोडून निरोप वाचण्या-लिहिण्याचा संगणकी फलक, सुरू केला. तशा प्रकारचे काही बोर्ड आजही छंदिष्ट लोक चालवतात. जुन्या यंत्राच्या सिरियल पोर्टला लहानसा वाय-फाय मोडेम जोडला की त्या यंत्राला आपण टेलिफोनच फिरवत आहोत असे वाटते आणि समोर चाळीस अक्षरांच्या ओळी एकेक करून उमटू लागतात. बीबीसी मायक्रोच्या सातव्या मोडमध्ये, पंचवीस ओळी आणि जेमतेम एक किलोबाइट स्मृतीत, हे पडदे फार देखणे दिसतात. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या माळ्यावर एक डीबी स्पेक्ट्रम हा त्याच काळातला घरगुती संगणक आणि दोन जुने पीसी होतेच. उणीव होती ती शाळेतल्या यंत्राची.

जुन्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीच्या एका ॲपवर ‘जुना शाळेचा कम्प्युटर’ एवढ्याच मथळ्याची जाहिरात मला दिसली. फोटो एकच, धुळीने भरलेल्या पेटीचा, पण घुबडाचे चिन्ह स्पष्ट दिसत होते. विकणाऱ्याने आपण विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावचे असल्याचे सांगितले. वडील शिक्षक होते, शाळेच्या भंगाराच्या लिलावात त्यांनी हे घेतले, आता घर आवरायचे आहे, अशी हकीकत त्याने ऐकवली. बोलणे अतिशय अदबीचे, प्रत्येक वाक्यात ‘सर’.

यानंतर मी जे केले ते मी आजही स्वतःला माफ करू शकत नाही. मी त्याला विचारले, “सुरू केल्यावर दोन आवाज येतात का, एक लांब आणि एक बारीक?” तो म्हणाला, “हो सर, अगदी तसेच.” मी विचारले, “पडद्यावर बीबीसी कम्प्युटर ३२ के असे येते का? त्याखाली बेसिक?” (बेसिक ही त्या यंत्रातली प्रोग्रामिंगची भाषा.) तो म्हणाला, “तेच येतंय सर, मला अर्थ कळत नाही, पण तेच.” मला हवे ते उत्तर माझ्याच प्रश्नात बसवून मी त्याच्या हातात देत होतो. पुण्यातल्या शेल खात्याची आठवण बोलण्याच्या ओघात मी काढली, तर दुसऱ्या दिवशी त्यानेच सांगितले की त्याचे वडीलही ‘पाईन’ वापरत असत. ज्या माणसाला आदल्या दिवशी बेसिक म्हणजे काय हे ठाऊक नव्हते, त्याच्या तोंडी पाईन कुठून आले, असा प्रश्न मला पडायला हवा होता. मला मात्र भरून आले. आमच्या पिढीतला, आमच्याच गल्लीतला कोणी भेटला असे वाटले.

मी चालू यंत्राचा व्हिडिओ मागितला. तो दोन दिवसांनी आला. टेबलावर पेटी, मागे डबा टीव्ही, दोन सूर, पडद्यावर नेमके तेच शब्द. मी सांगितल्याप्रमाणे त्याने ब्रेक कळ दाबली आणि पडद्यावर यंत्राचे नाव पुन्हा उमटले. मग उजव्या हाताच्या एका बोटाने, अडखळत, माझे आडनाव टंकले. डावा हात चौकटीबाहेर होता. मी तो व्हिडिओ घरातल्या सगळ्यांना दाखवला. सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, आधी कुणाला तरी तिकडे पाठवून बघून घ्या.” नागपूरला माझा चुलतभाऊ राहतो. एका फोनचे काम होते, आणि तो फोन मी केला नाही, कारण मुंबईचा एक गिऱ्हाईक रोख घेऊन निघाला आहे असे विक्रेत्याने त्याच सकाळी कळवले होते.

सौदा ३४,००० रुपयांना ठरला. १५,००० इसार म्हणून दिले. पैसे पाठवताना पडद्यावर निराळेच नाव आले, त्यावर “मेहुण्याचं खातं आहे सर, माझं बँकेत अडकलंय” असे उत्तर मिळाले. चार दिवसांनी लाकडी खोक्याचे ४,५०० मागितले गेले. नाजूक वस्तू, पावसाळ्याचे दिवस, म्हणून तेही मला रास्त वाटले. शेवटी बिल्टीचा फोटो आला आणि उरलेले १९,००० गेले. पेटी उघडून आतल्या बोर्डाचा फोटो पाठवा असे मी मध्यंतरी एकदा म्हटले होते. “पप्पांनी लावलेलं सील आहे सर, तुटायला नको” असे तो म्हणाला, आणि मी, ज्याने शाळेतल्या सरांना ही पेटी डझनभर वेळा उघडताना पाहिले आहे, ते मान्य केले. या यंत्राचे झाकण चार स्क्रूंवर बसते, दोन मागे आणि दोन खाली, आणि त्यांच्याशेजारी ‘फिक्स’ असे लिहिलेले असते. उघडायला पाच मिनिटे पुरतात.

शेवटचे पैसे गेल्यापासून अकराव्या दिवशी मार्केट यार्डाजवळच्या एका ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमध्ये खोका आला. तो घेऊन मी थेट उद्यमनगरात मित्राच्या वाइंडिंगच्या दुकानात गेलो, कारण इतकी जुनी यंत्रे तपासल्याशिवाय विजेला जोडू नयेत एवढे तरी भान मला होते. पेटी खरी होती. कळफलकही अस्सल, दोन कळा सोडल्यास सगळा शाबूत. झाकण उचलल्यावर आत ना बोर्ड, ना वीजपुरवठ्याचा डबा. त्या जागी सुतळीने घट्ट बांधलेला शहाबादी फरशीचा तुकडा होता, आणि फरशी हलू नये म्हणून भोवती वर्तमानपत्राचे बोळे खोचलेले होते. मित्र बराच वेळ काही बोलला नाही. मग एवढेच म्हणाला, “फरशी मात्र चांगली पॉलिश केलेली दिली की रे.”

त्या रात्री मी तो व्हिडिओ पुन्हा पाहिला, आणि पहिल्याच मिनिटात जे दिसले ते आधी वीसेक वेळा डोळ्यांसमोरून जाऊनही दिसले नव्हते. या यंत्राच्या कळफलकावर तीन लहान लाल दिवे असतात: कॅसेट मोटरचा, कॅप्स लॉकचा आणि शिफ्ट लॉकचा. यंत्र सुरू होताच कॅप्स लॉक आपोआप चालू असतो आणि त्याचा दिवा लागतो. व्हिडिओत पडद्यावर माझे आडनाव ठळक कॅपिटल अक्षरांत उमटत होते आणि तिन्ही दिवे विझलेले होते. पेटी निर्जीव होती. सूर आणि अक्षरे चौकटीबाहेरच्या लॅपटॉपवरील एम्युलेटरमधून, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममधून, येत होती, तो लॅपटॉप टीव्हीला जोडलेला होता, आणि डावा हात त्या लॅपटॉपवर होता. सुरांबद्दल, ३२ के बद्दल, ब्रेक कळेबद्दल मी सांगितले होते, म्हणून ते सारे व्हिडिओत बिनचूक होते. दिव्याचा उल्लेख माझ्या तोंडून कधी आला नव्हता, आणि तो लागला नव्हता.

जाता जाता एक नोंदवतो. बीबीसी मायक्रो घडवणाऱ्या सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनीच पुढे पहिला आर्म प्रोसेसर तयार केला. १९८५ मध्ये तो चाचणीसाठी बीबीसी मायक्रोलाच जोडलेला होता. आज जवळपास प्रत्येक मोबाईलमध्ये त्याच वंशाचा प्रोसेसर असतो. म्हणजे ज्या फोनवर मला खोटा बीबीसी मायक्रो दाखवला गेला, त्या फोनच्या पोटात त्याचा नातू बसलेला होता.

तक्रार करायला मी आणखी चार दिवस घालवले, निव्वळ लाजेने. ही चूक कृपया कुणी करू नये. सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर पहिल्या काही तासांत फोन केला तर पैसे पुढच्या खात्यांत पांगण्याआधी गोठवले जाण्याची शक्यता असते; पंधरा दिवसांनी ती जवळजवळ उरत नाही. माझ्या बाबतीत त्या खात्यात १,१४० रुपये सापडले. तक्रार नोंदवून घेणाऱ्या हवालदारांनी भारतीय न्याय संहितेचे फसवणुकीचे कलम ३१८ लिहिता लिहिता मान वर करून विचारले, “साहेब, एवढ्या जुन्या कम्प्युटरला अडतीस हजार? नवा आला असता की.” त्यांना बीबीसी मायक्रो समजावून सांगण्याचा मोह मी कसाबसा आवरला. संदेश, व्हिडिओ, पैसे पाठवल्याच्या पावत्या आणि बिल्टी असे सारे मी जपून ठेवले होते, त्याचा उपयोग झाला. मात्र विक्रेत्याने ॲपवरची जाहिरात काढून टाकली होती आणि तिचा फोटो मी घेतलेला नव्हता.

आता कुणी मला विचारले तर मी सांगतो की यंत्राविषयी जे ठाऊक आहे ते विकणाऱ्यापासून राखून ठेवावे आणि प्रश्न मोकळे विचारावेत: सुरू केल्यावर काय होते, काय ऐकू येते, काय दिसते. आधी काढलेला व्हिडिओ न मागता चालू व्हिडिओ कॉलवर, समोरासमोर, आयत्या वेळी सुचलेली गोष्ट करायला लावावी. बीबीसी मायक्रोवर ‘स्टार मोटर १’ ही आज्ञा दिली की आतला रिले, म्हणजे विजेवर चालणारा छोटा स्विच, टक्‌कन वाजतो आणि कॅसेट मोटरचा दिवा लागतो. लॅपटॉपला टेबलावरच्या रिकाम्या पेटीतला दिवा लावता येत नाही. इतर यंत्रांतही असे काही ना काही असते, फ्लॉपी ड्राइव्हचा दिवा म्हणा, टेपचा आवाज म्हणा. झाकण उघडून बोर्डाचा फोटो, त्याच्याशेजारी त्या दिवशीच्या वर्तमानपत्रासह, मागावाच. आयसींवर चार आकडे छापलेले असतात. ८४३२ म्हणजे १९८४ चा बत्तिसावा आठवडा. १९८५ चे म्हणून विकल्या जाणाऱ्या यंत्रावर १९९१ चे आकडे आढळले तर दुरुस्ती झाली असेल किंवा भलतेच काही जोडले असेल, आणि दोन्ही स्थितींत किंमत पुन्हा बोलायला हवी. ‘तपासलेले नाही’ या शब्दांचा अर्थ माझ्या अनुभवात बहुतेकदा ‘तपासले, आणि बंद आढळले’ असाच निघाला आहे. यंत्र खरे निघाले तरीही घाई करू नये, कारण या पेट्यांच्या वीजपुरवठ्यातले जुने कागदी कपॅसिटर तडकलेले असतात, ओल धरतात आणि सुरू केल्यावर थोड्याच वेळात खोलीभर धूर करतात. कोल्हापूरच्या पावसाळ्यात तर हमखास.

मागच्या महिन्यात इचलकरंजीच्या एका इंजिनिअरिंगच्या मुलाने मला एक व्हिडिओ पाठवला. “काका, हे घेऊ का? इसार उद्या द्यायचाय.” पेटी वेगळी, टीव्ही वेगळा, गावही वेगळे, पण एकच हात चौकटीत आणि तिन्ही दिवे विझलेले. मी त्याला स्टार मोटरची आज्ञा पाठवली आणि चालू फोनवर करून दाखवायला सांग म्हटले. विक्रेत्याने आधी नेटवर्क नाही म्हटले, मग संध्याकाळी करतो म्हटले, आणि संध्याकाळी त्याचा नंबर बंद लागला. मुलाचे पैसे वाचले. त्याला यंत्र मात्र फारच हवे होते, त्यामुळे दोन-तीन दिवस तो माझ्याशी नीट बोलला नाही.