स्टड बदलला म्हणाला, भोकात पुटी भरली होती

जनरेटरच्या इंजिनाची खडखड मी आधी सायलेन्सरची समजलो. वाकून पाहिलं तर पुढच्या डाव्या पायाचा ब्रॅकेट ब्लॉकपासून (इंजिनाच्या मुख्य बिडाच्या अंगापासून) किंचित सुटलेला, आणि त्याला धरणाऱ्या चार स्टडपैकी (स्टड म्हणजे डोकं नसलेला, दोन्ही टोकांना आटे असलेला बोल्ट) वरचा एक ब्लॉकच्या तोंडाच्या जरा आतच तुटलेला. तुटका तुकडा नटासकट खाली फ्रेमवर पडला होता. तो मी उचलून ठेवला आणि पुढे तोच उपयोगी पडला.

तुटलेल्या तोंडाचा बराचसा भाग गुळगुळीत, काळपट होता, त्यावर शिंपल्यासारख्या वक्र रेघा. उरलेला छोटा भाग खरबरीत आणि चकचकीत. म्हणजे तडा जुना होता, शेवटचा तेवढा तुकडा नुकताच गेला होता. नट घट्ट असतो तोवर ब्रॅकेट आणि ब्लॉक एकमेकांवर दाबून धरलेले असतात आणि हादरा त्या दाबावर निभावतो. नट सैल पडला की तोच हादरा स्टडला आडवा वाकवू लागतो. तीन सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन १५०० आरपीएमला चालताना मिनिटाला २२५० वेळा पेटतं. सैल स्टड किती टिकणार?

ओळखीतून एक मेकॅनिक आला. त्याचं सगळं बोलणं बरोबर होतं, म्हणूनच मी निर्धास्त झालो. "आत तुटलाय, वरून नट वेल्ड करायला पकड मिळणार नाही. ड्रिल मारून ईझी-आउटने काढू. आटे गेले असले तर हेलिकॉइल घालू. तुम्ही थांबू नका साहेब, दोन-तीन तासांनी या." ईझी-आउट म्हणजे तुटक्या स्टडमध्ये पाडलेल्या भोकात घालून उलटा फिरवायचा कडक दांडा, आणि हेलिकॉइल म्हणजे गेलेल्या आट्यांच्या जागी बसवायची तारेची गुंडाळी. मी गेलो. परत आलो तर ब्रॅकेट बसलेला, नट आवळलेला, त्यावर चंदेरी रंगाचा ताजा हात. बिलावर लिहिलं होतं : स्टड काढणे, हेलिकॉइल, नवा हाय टेन्साइल स्टड, टॉर्क करणे (म्हणजे ठरलेल्या जोराने आवळणे). मी पैसे दिले.

तीन आठवड्यांनी तीच खडखड. नटाला पाना लावला तर तो विनाजोर फिरला, आणि नट, स्टड, सगळंच हातात आलं. स्टडच्या आट्यांत करडी पुटी चिकटलेली, दोन भाग कालवून लावतात तसली. भोकात बॅटरी मारली तर तळाशी जुन्या स्टडचा तुकडा तसाच, आणि त्यात मोडलेल्या ईझी-आउटचं टोक चमकत होतं.

काय झालं असणार ते दुसऱ्या वर्कशॉपमधल्या फिटरने भोक पाहूनच सांगितलं. सेंटर पंच (ड्रिल बसावा म्हणून मध्यावर करायची खूण) नीट न मारल्यामुळे ड्रिल कठीण स्टडवरून घसरून शेजारच्या मऊ बिडात शिरला. भोक मध्यापासून सुमारे २ मिलिमीटर सरकलं. मग वाकड्या भोकात ईझी-आउट घालून जोर लावला आणि तो मोडला. ईझी-आउट इतका कडक असतो की साधा ड्रिल त्याला कापत नाही. त्यामुळे वरचे चार आटे जेमतेम साफ करून, पुटी भरून, थ्रेडेड रॉडचा आखूड तुकडा चिकटवला. माझ्या जपून ठेवलेल्या तुकड्याच्या टोकावर ८.८ असा मजबुतीच्या दर्जाचा ठसा होता, या रॉडवर काहीच नव्हतं. एम १२ मापाचा (म्हणजे १२ मिलिमीटर व्यासाचा) ८.८ स्टड पुरता आवळला की साडेतीन-चार टनांच्या आसपास ताण धरतो. तापलेल्या ब्लॉकमधली पुटी तो कशी धरणार?

ईझी-आउट चांगल्या कारागिराच्या हातूनही मोडतो. त्याने मला बोलावून "मोडला, आता मशीनवर न्यावं लागेल" एवढं सांगितलं असतं, तर मी ते पैसेही दिले असते. त्याने रंग मारला. फोन केला तेव्हा म्हणाला, "मी दिलं तेव्हा घट्ट होतं." त्यानंतर फोन उचलला नाही.

त्या तीन आठवड्यांत सगळा भार उरलेल्या तीन स्टडवर आला. त्यातले दोन ताणून लांबले, ब्रॅकेटची भोकं अंडाकार झाली, माउंटिंगचं रबर फाटलं. ब्लॉक उतरवून मशीनवर बांधावा लागला, कार्बाइडच्या कटरने ते टोक हळूहळू झिजवून काढावं लागलं. भोक सरकलेलं असल्यामुळे हेलिकॉइल चाललीच नसती. म्हणून योग्य मध्य धरून ते मोठं केलं, आणि बाहेरून एम १८ व आतून एम १२ आटे असलेला पोलादी बुश बसवला. पहिला ड्रिल आणखी थोडा खोल गेला असता तर पाण्याच्या जॅकेटला (इंजिन थंड ठेवणारं पाणी फिरतं त्या ब्लॉकमधल्या पोकळीला) भोक पडलं असतं, असं फिटर म्हणाला. ते ऐकून मला घाम फुटला.

या फिटरने स्टड घालण्याआधी मला बोलावलं. स्टडचं काम एकदा नट बसला की दिसत नाही, जे पाहायचं ते रिकाम्या भोकातच. त्याने खोली मोजून दाखवली. बिडात व्यासाच्या दीडपट आटे धरले पाहिजेत, म्हणजे एम १२ ला १८ मिलिमीटर. स्टड शेवटपर्यंत बोटांनीच फिरत गेला. कुणी हेलिकॉइल घातली म्हणत असेल तर तिची मोडलेली शेपटी, म्हणजे बसवताना पकडायचं तिचं आडवं टोक, मागून घ्या. बसवल्यावर ती मोडून भोकातून काढावी लागते, त्यामुळे बहुतेक वेळा मेकॅनिककडे असतेच. काढलेला जुना स्टडही मागा, तुकडे झाले असले तरी. आणि टॉर्क रेंच तुमच्यासमोर लागू द्या, मॅन्युअलमधला आकडा वाचून.

चारही नट आवळल्यावर फिटरने प्रत्येक नटावरून ब्रॅकेटपर्यंत पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढली. आता दर वेळी इंजिन बंद केल्यावर मी बॅटरी घेऊन त्या चार रेघा पाहतो. अजून एकही तुटलेली नाही.