जर्मनी की कॅनडा: चाळिशीच्या उंबरठ्यावरच्या कुटुंबासाठी

बिऱ्हाड परदेशी हलवायचं म्हटलं की घरात पहिली चर्चा पगाराची होते. या दोन देशांच्या बाबतीत मात्र निकाल लागतो तो तीन वयांवर: अर्जदाराचं, थोरल्या मुलाचं आणि आईवडिलांचं. समोर धरू या पुणे-पिंपरीतलं नेहमीचं घर. नवरा ऑटो किंवा सॉफ्टवेअरमध्ये अभियंता, वय ३९. बायको ३६ वर्षांची, तीही नोकरदार. मुलं १० आणि ४ वर्षांची. आईवडील सत्तरीला टेकलेले.

कॅनडाच्या एक्सप्रेस एंट्रीत (कायम वास्तव्यासाठी गुणांवर निवड करणारी पद्धत) जोडीदारासह अर्ज केला तर विशीतल्या अर्जदाराला वयाचे १०० गुण मिळतात. ३९ व्या वर्षी ते ५० होतात, चाळिसाव्याला ४५ आणि पंचेचाळिसाव्याला शून्य. प्रोफाइल पूलमध्ये, म्हणजे निवडीची वाट बघणाऱ्यांच्या यादीत, पडून असली तरी वाढदिवसागणिक गुण गळत राहतात. त्यामुळे मुख्य अर्जदार नवराच हवा, हा हट्ट सोडा आणि दोघांचेही गुण काढून बघा. ३६ व्या वर्षी ६५ गुण मिळतात. बायकोला इंग्रजीच्या आयईएलटीएस जनरल परीक्षेत श्रवणात ८ आणि बाकी तिन्हींत ७ मिळत असतील, तर फाइल तिच्या नावाने उघडलेली बरी.

तरीही अडचण उरतेच. २५ मार्च २०२५ पासून नोकरीच्या ऑफरचे गुण रद्द झाले. पैसे घेऊन ‘ऑफर लेटर’ मिळवून देणाऱ्या एजंटाकडे आता विकायला गुणही उरलेले नाहीत. २०२५ मध्ये निवडीच्या फेऱ्या झाल्या त्या कॅनडात काम केलेल्यांसाठी, प्रांतांनी निवडलेल्यांसाठी, फ्रेंच येणाऱ्यांसाठी आणि आरोग्य, शिक्षण अशा ठरावीक क्षेत्रांसाठी. पुण्यात बसलेल्या अभियंत्याला त्यातलं दार म्हणजे बहुधा फ्रेंच. वाचन, लेखन, श्रवण, संभाषण या चारही कौशल्यांत एनसीएलसी ७ (कॅनडाच्या फ्रेंच मोजपट्टीवरची सातवी पातळी) गाठावं लागतं, आणि नोकरी सांभाळून शून्यापासून तिथवर जाणं हे सहा महिन्यांचं काम नव्हे.

जर्मनीत आधी नोकरी, मग व्हिसा. ब्ल्यू कार्डाला (पदवीधर नोकरदारांच्या वास्तव्य परवान्याला) वयाची अट नाही. २०२५ साठी वार्षिक पगाराची किमान मर्यादा ४८,३०० युरो होती, तर अभियंते आणि आयटीसारख्या टंचाईच्या व्यवसायांना ४३,७५९.८० युरो. ही रक्कम दर जानेवारीत बदलते. अर्ज अडतो तो पदवीवर: अनाबिन या परदेशी विद्यापीठांच्या आणि पदव्यांच्या जर्मन यादीत विद्यापीठाला ‘एच प्लस’ (मान्यताप्राप्त) हा शेरा हवा आणि तुमची पदवीही तिथे सापडायला हवी. दोन्हींपैकी एक नसेल तर वेगळं मूल्यांकन करून घ्यावं लागतं, म्हणून मुलाखती सुरू व्हायच्या आधीच तपासा. ए१ (अगदी प्राथमिक) पातळीच्या जर्मनवर २७ महिन्यांत कायम वास्तव्य मिळू शकतं, बी१ (मध्यम) असेल तर २१ महिन्यांत. बायकोला भाषेची अट नाही आणि पहिल्या दिवसापासून काम करता येतं. ही झाली कागदावरची परवानगी. आयटीच्या बाहेरच्या नोकरीसाठी तिला बी२ (बऱ्यापैकी सफाईदार) जर्मन लागेल असं धरूनच चाला.

आता थोरलं मूल, आणि इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. जर्मनीच्या बहुतेक राज्यांत चौथीनंतर, म्हणजे दहाव्या वर्षी, मुलं गिम्नाझियम (विद्यापीठाकडे नेणारी शाळा), रेआलशूल (मधली वाट) वगैरे वेगवेगळ्या शाळांत विभागली जातात. त्याच वर्षी, जर्मनचा एक शब्द न येता पोचलेलं हुशार मूलही खालच्या वाटेला लागू शकतं. नंतर वाट बदलता येते, पण कष्ट पडतात. बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये ही विभागणी सहावीनंतर होते. दहा वर्षांच्या मुलासाठी ही दोन वर्षं पगारातल्या पाच हजार युरोंहून मोलाची आहेत. सहा वर्षांचं मूल भाषा खेळता खेळता उचलतं. चौदा-पंधराव्या वर्षी मात्र जर्मनीला नेऊच नये असं आमचं मत आहे. त्या वयाला कॅनडा सोपा: वयानुसार इयत्ता, राहत्या पत्त्याची सरकारी शाळा आणि शिक्षण इंग्रजीत.

धाकट्यासाठी बर्लिनमध्ये किटाची (पाळणाघर-बालवाडीची) फी नाही, फक्त जेवणाचे थोडे पैसे द्यावे लागतात. जागा मिळणं मोठ्या शहरांत सगळीकडेच अवघड, तेव्हा नोकरी पक्की झाली की लगेच नाव घाला. आणखी एक: जर्मनीत शाळा बुडवून दिवाळीला भारतात येता येत नाही. विनापरवानगी गैरहजेरीला दंड होतो.

आईवडिलांच्या बाबतीत कॅनडा सरळ पुढे आहे. सुपर व्हिसावर (आईवडिलांसाठीच्या दीर्घ मुदतीच्या भेट-व्हिसावर) ते एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहू शकतात. किमान १ लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्य विमा आणि तुमच्या उत्पन्नाचा पुरावा लागतो. जर्मनीने १ मार्च २०२४ पासून कुशल कामगारांच्या आईवडिलांना वाट उघडली खरी, पण पंचावन्नच्या पुढच्या नव्या माणसाला सरकारी विमा सहसा घेत नाही आणि मधुमेह-रक्तदाब असलेल्या सत्तरीच्या माणसाला खासगी विमा परवडत नाही. त्यामुळे प्रत्यक्षात उरतो तो ९० दिवसांचा शेंगेन व्हिसा.

पैशांबाबत थोडक्यात. कॅनडाला चौघांसाठी २८,३६२ कॅनेडियन डॉलर दाखवावे लागतात (जुलै २०२५ चा आकडा), तेही कर्जाऊ नसलेले आणि खात्यातल्या सहा महिन्यांच्या सरासरी शिलकीच्या पुराव्यासह. शेवटच्या महिन्यात सासऱ्यांनी खात्यात टाकलेली मोठी रक्कम लेखी खुलासा नसेल तर फाइल पाडते. जर्मनीत बायको कमवत नसेल तर ती आणि मुलं सरकारी विम्यात वेगळा हप्ता न भरता येतात, आणि प्रत्येक मुलामागे महिन्याला २५५ युरो भत्ता मिळतो (२०२५).

तेव्हा वरच्या घराला आमचा कौल जर्मनीला, नोकरी बर्लिनची मिळाली तर अधिकच. आईवडिलांना जवळ ठेवणं ही पहिली अट असेल, तर कॅनडा धरा आणि फ्रेंचच्या वर्गात नाव घाला.

कुठेही जा, मुलांच्या जन्मदाखल्यावर नाव चढलंय का ते आजच बघा. अनेक दाखल्यांवर ती जागा कोरीच असते. आणि गावाकडे शेती घ्यायचा विचार असेल तर तो निघण्याआधीच मार्गी लावा: अनिवासी झाल्यावर असलेली जमीन ठेवता येते, वारसाने मिळते, पण शेतजमीन विकत घेता येत नाही.