दुपारी पान मिटतं म्हणजे कमी पाण्याचं वाण? केळीची रोपं घेताना मी असा फसलो

केळी लावणाऱ्या सगळ्यांसाठी लिहितोय, जरा लांबेल पण वाचा. एका नर्सरीवाल्याकडून टिश्यू कल्चरची (प्रयोगशाळेत वाढवलेली) रोपं घेतली, "कमी पाण्यावर येणार, मर आणि करपा दोन्हीला दाद देत नाही" असं सांगून त्याने साध्या रोपाच्या दुप्पट भाव लावला. (मर म्हणजे जमिनीतल्या बुरशीने झाड सुकवणारा रोग, करपा म्हणजे पानांवर डाग पडून पान वाळवणारा.) मी डोळे झाकून नाही घेतली हो, स्वतः त्याच्या प्लॉटवर जाऊन बघून आलो, आणि तिथेच फसलो.

त्याने मला भर दुपारी बोलावलं. पानांचे दोन्ही भाग मधल्या शिरेवरून खाली लोंबलेले, मिटत आलेल्या छत्रीसारखे. म्हणाला बघा, हे वाण स्वतःचं पाणी स्वतः वाचवतं. संध्याकाळपर्यंत थांबवून घेतलं, ऊन उतरलं तशी पानं परत सपाट झाली आणि मला ते पटलंच. आता कळतंय की हे केळीचं कुठलंही झाड करतं! शिरेला लागून पेशींची एक पट्टी असते, उन्हात तिच्यातला पाण्याचा दाब कमी झाला की पान मिटतं, दाब आला की उघडतं. वाणाची खासियत वगैरे काही नाही. शेजारी एक साधं झाड ठेवा, मग दाखवा, एवढं म्हणायचं मला सुचलं नाही.

पान हिरवं राहतं याचंही तसंच. ताण पडला की केळी लवकर पानावरची बारीक छिद्रं म्हणजे रंध्रं बंद करते, पानातलं पाणी धरून ठेवते, त्यामुळे बाग लांबून हिरवीगार दिसते पण वाढ थांबलेली असते. बघायचा असतो तो पोंगा, म्हणजे मधून वर येणारं गुंडाळलेलं नवीन पान. ऊब आणि पाणी चांगलं असलं की साधारण 7 ते 10 दिवसांत एक नवीन पान उघडतं, ताणात सगळ्यात आधी हीच गती मंदावते. माझ्याकडे पाणी तुटलं तेव्हा शेवटच्या उघडलेल्या पानाच्या देठाला दोरा बांधून ठेवला होता, तीन आठवडे गेले तरी त्याच्या वर नवीन पान नाही.

मग त्याने रोपांच्या तपासणीचा कागद दाखवला होता तो नीट वाचला. त्यात लिहिलंय रोपं तपासलेल्या व्हायरसपासून मुक्त आहेत. रोगमुक्त म्हणजे आज रोपात तो रोग नाही, उद्या बाहेरून आला तर झाड टिकेल असं त्यात कुठेच नाही. तो मात्र प्रत्येक वेळी "प्रतिकारक" म्हणत होता आणि मी मान डोलवत होतो. मर रोगाचं तर अर्धंच सांगितलं. कॅव्हेंडिश, म्हणजे बाजारातली नेहमीची केळी, मर रोगाच्या बुरशीच्या रेस 1 या प्रकाराला टिकते हे खरं, ग्रो मिशेल ही जुनी जात जिने संपवली तीच ती रेस, पण टीआर 4 या दुसऱ्या प्रकाराला कॅव्हेंडिश बळी पडते आणि ती बुरशी जमिनीत कित्येक वर्षं राहते.

शेवटी देठ आडवा कापून बघितला. त्याचं म्हणणं होतं की या वाणात बाल्बिसियाना या रानटी केळीचा अंश आहे, काटकपणा तिथूनच येतो. बाल्बिसियानाकडे झुकणाऱ्या जातींत पानाच्या देठावरच्या पन्हळीच्या (खाचेच्या) कडा आत वळून जवळजवळ बंद होतात, खोडावर काळपट डाग नसल्यासारखेच असतात. 1955 मध्ये सिमंड्स आणि शेफर्ड यांनी अशा 15 लक्षणांना गुण देऊन जाती ओळखायची पद्धतच बसवली होती. माझ्या झाडांची पन्हळ उघडी, कडा बाहेर पसरलेल्या, खोडावर डागच डाग. म्हणजे साधी कॅव्हेंडिशच माझ्या गळ्यात मारली.

निसवण झाल्यावर (घड बाहेर पडल्यावर) केळीला नवीन पान येत नाही, जी आहेत त्यांच्यावरच घड भरायचा असतो. आधीच ताणाने पानं कमी, त्यात करपा आला, घड उतरवायच्या वेळी बऱ्याच झाडांवर तीन-चारच पानं धड होती. फण्या बारीक, फळ भरलंच नाही. त्याला फोन केला तर म्हणाला तुम्ही पाणी कमी दिलंत. कमी पाण्याचं वाण म्हणून ज्याने विकलं तोच माणूस!

बागेत आता मुनवे (बुंध्याशी फुटणारी पिल्लं) जोमाने आलेत, दोघे-तिघे त्याच वाणाच्या नावाने मागायला पण आले. कुणालाच दिले नाहीत, देठ कापून दाखवला आणि सगळं सांगितलं.