दर आठवड्याला थोडे की महिन्यातून एकदा भरपूर? रीफ टँकचे पाणी बदलण्याविषयी

२०० लिटरच्या रीफ टँकमध्ये, म्हणजे प्रवाळ (कोरल) असलेल्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीत, महिन्याला साधारण ६० लिटर पाणी बदलायचे, एवढे ठरले की पुढचा प्रश्न उरतो तो हे पाणी एकाच दिवशी बदलावे की दर आठवड्याला पंधरा-पंधरा लिटर करून. मी सांगलीत दोन्ही पद्धती पुरेसा काळ वापरून पाहिल्या आहेत आणि आता एकीवर स्थिरावलो आहे. परंतु दुसरी पद्धत निरुपयोगी आहे असे माझे म्हणणे नाही.

निव्वळ गणित पाहिले तर महिन्यातून एकदा मोठा बदल करणाऱ्याचीच बाजू किंचित वरचढ ठरते. एकदम ३० टक्के पाणी काढले की माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून साठलेल्या नायट्रेटपैकी ३० टक्के बाहेर जाते. साडेसात टक्क्यांचे चार बदल केल्यास प्रत्येक वेळी आधी घातलेल्या नव्या पाण्याचाही काही भाग निघून जातो, त्यामुळे एकूण घट सुमारे २६.८ टक्केच होते. नव्या पाण्यात मिसळायचे समुद्री मीठ दोन्हीकडे सारखेच लागते. हा तीन टक्क्यांचा फरक माझ्या प्रवाळांमध्ये मला कधी दिसला नाही. इतरांचा अनुभव वेगळा असू शकेल.

अल्कलिनिटीचा, म्हणजे प्रवाळांना सांगाडा बांधायला लागणाऱ्या पाण्यातल्या कार्बोनेटच्या प्रमाणाचा (ते डीकेएच या एककात मोजतात), फरक मात्र दिसतो. टँक ७.५ डीकेएचवर असेल आणि नव्या मिठाचे पाणी ११ डीकेएचचे असेल, तर ६० लिटरच्या एका बदलाने टँक तासाभरात ८.५च्या पुढे जातो, तर १५ लिटरने ७.८च्याही आत राहतो. सॉफ्ट कोरल, म्हणजे कडक सांगाडा नसलेले मऊ प्रवाळ, हा धक्का बहुधा सोसतात. पण ज्यांच्याकडे अ‍ॅक्रोपोरा हे फांद्यांचे, कडक सांगाड्याचे नाजूक प्रवाळ आहे आणि पाण्यात नायट्रेट-फॉस्फेट अगदी कमी आहे, त्यांना फांद्यांची टोके पांढरी पडण्याची भीती असते.

तरीही माझा निर्णय अल्कलिनिटीने झाला नाही, तो नव्या पाण्याच्या तापमानाने झाला. पाणी बदलण्याविषयीचे बरेचसे मार्गदर्शन थंड हवेच्या देशांतून येत असल्याने त्यात नवे पाणी हीटरने गरम करून घ्या असे सांगितलेले असते, आणि आपल्यापुढे अडचण नेमकी उलटी असते. एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या टाकीतले पाणी दिवसभर तापते, आरओमधून ते तसेच कोमट उतरते, आणि मीठ विरघळवण्यासाठी पिंपात सोडलेला पंप त्यात स्वतःच्या उष्णतेची भर घालतो. चिलर (पाणी थंड करणारे यंत्र) लावून २६ अंशांवर राखलेल्या टँकमध्ये ३४ अंशांचे ६० लिटर पाणी ओतले, तर टँक २८.४ अंशांवर जातो आणि चिलरला ते पुन्हा खाली आणायला बराच वेळ लागतो. हे टाळायचे तर ६० लिटर पाणी आधीच आठ अंशांनी थंड करावे लागते, आणि त्यासाठी एक-एक लिटरच्या चार-पाच गोठलेल्या बाटल्या लागतात. पाणी थंड होऊन खारटपणा तपासेपर्यंत खोलीच्या उष्म्याने पिंप पुन्हा तापू लागते, आणि तोवर वीज गेली तर सगळा खटाटोप नव्याने करावा लागतो. १५ लिटरसाठी घट्ट झाकणाची एक बाटली बादलीत सोडली की काम भागते. शिवाय थोडी चूक राहिली तरी टँकचे तापमान अर्ध्या अंशाच्या आसपासच हलते. उन्हाळ्यात दर महिन्याला करावी लागणारी ती यातायात संपली, एवढ्या एका कारणासाठीही मी आठवड्याची पद्धत निवडली असती.

पावसाळ्यातही हीच पद्धत मला अधिक सुरक्षित वाटते. कृष्णेचे पाणी गढूळ झाले की आरओच्या आधीचा, गाळ अडवणारा सेडिमेंट फिल्टर लवकर तुंबतो आणि आरओचे पाणी थेंबथेंब येऊ लागते. अशा वेळी १५ लिटर जमवता येतात, ६० जमवणे कठीण जाते. ऑगस्ट २०१९सारखा महापूर आला तर एखाद-दुसरा आठवडा चुकतो, पण महिन्याचा बदल नेमका त्याच आठवड्यात असेल तर दोन बदलांमधील अंतर फार वाढते.

मोठा बदल ज्यांना सोयीचा आहे असे लोक अर्थातच आहेत. नोकरीमुळे आठवडाभर पुण्यात राहणाऱ्याने, टँकमध्ये केवळ सॉफ्ट कोरल असतील तर, महिन्याची पद्धत निःशंकपणे ठेवावी. फक्त पाण्याची पातळी उतरल्यावर वरचे प्रवाळ उघडे पडतात आणि सम्पमधला (टँकखालच्या जोडटाकीतला) पंप कोरडा पडू शकतो, याकडे लक्ष द्यावे. टँकमध्ये मोठा मासा मरून कुजला किंवा एखादे रसायन पडले, तर मीही १५ लिटरवर थांबणार नाही.

पाणी मुळीच न बदलता केवळ डोसिंगवर, म्हणजे प्रवाळांनी वापरलेले क्षार मोजून परत घालून, टँक चालवणारेही आहेत. त्यांच्या कौशल्याविषयी आदर आहे, पण कॅल्शियम क्लोराइड आणि सोडियम बायकार्बोनेट सतत घातल्याने मागे साधे मीठ साठत जाते आणि इतर क्षारांचे प्रमाण हळूहळू बिघडते. या क्षारांची वारंवार तपासणी करण्याची तयारी नसेल, तर नवख्याने त्या वाटेला सध्या जाऊ नये आणि आठवड्यातला एक वार बादलीसाठी ठरवून टाकावा, असे मला वाटते.