रोजचा पांढरा भात: कुकरला लावावा, पातेल्यात शिजवावा की वेळून (भरपूर पाण्यात शिजवून पेज ओतून) करावा?

"एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी" हे माप कुकरचं आहे, आणि तेही कोलम किंवा इंद्रायणीचं. याच मापानं उघड्या पातेल्यात एकच वाटी तांदूळ लावला तर आत कणी राहते. याच मापानं बासमती कुकरला लावला तर गिचका होतो. त्यामुळे भांडं निवडण्याआधी डब्यात कोणता तांदूळ आहे ते बघावं.

नाशिकमध्ये घराघरांत येतो तो बहुतेक करून इगतपुरी-घोटी पट्ट्यातला इंद्रायणी, नाहीतर किराणा दुकानातला कोलम. इंद्रायणी हा आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून आलेला. वास आणि चिकटपणा त्याला आंबेमोहोराकडून मिळालेला आहे, तो कितीही जपून शिजवला तरी फडफडीत होणार नाही. वरणाबरोबर मूद पाडायची असेल तर हाच गुण कामाला येतो. कोलमाचं शीत बारीक आणि सुटं राहतं. बासमती लांब, कोरडा, आणि खरं सांगायचं तर साध्या वरणाबरोबर रोज खायला जरा उपराच.

दुसरी गोष्ट नवा-जुना. इगतपुरी, त्र्यंबक, पेठ भागात भात ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापला जातो. त्यानंतरचे दोन-तीन महिने दुकानात नवा तांदूळ असतो. तो पाणी कमी पितो आणि लवकर आसट होतो, म्हणून वाटीमागे पाव वाटी पाणी कमी घालायचं. वर्षभर मुरलेल्या तांदळाला पूर्ण माप लागतं.

पाण्याचं गणित भांड्यागणिक का बदलतं

तांदूळ स्वतः पितो ते पाणी वाटीच्या हिशेबानं वाढतं. वाफ होऊन जातं ते पाणी मात्र भांड्याच्या तोंडावर आणि शिजायला लागणाऱ्या वेळेवर ठरतं, तांदळाच्या वाट्यांवर नाही. बंद कुकरमधून वाफ फार थोडी जाते, म्हणून तिथे दोन वाट्यांना चार आणि चार वाट्यांना आठ हा हिशेब चालतो. पातेल्यात दर वाटीला दोन वाट्या, आणि वाफेपोटी एकदाच अर्धी वाटी असं धरा. कोलमाच्या एका वाटीला अडीच, दोन वाट्यांना साडेचार, चार वाट्यांना साडेआठ. चार वाट्यांना अडीचच्या पटीनं दहा वाट्या पाणी घातलं की वरचा भात मऊ आणि तळाला खळ, हे ठरलेलं. पाहुणे आले की भात बिघडतो त्यामागे बहुधा हेच असतं. पातेलं फार पसरट असेल तर आणखी पाव वाटी वाढवा.

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंच आहे. इथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. मुंबईच्या नातेवाइकांनी सांगितलेल्या वेळेपेक्षा पातेल्यातल्या भाताला इथे थोडं जास्त लागतं. कुकरमध्ये दाबाखाली तापमान १२० अंशांच्या जवळ जातं, तिथे हा फरक जाणवत नाही.

कुकर: डब्यात की थेट?

चार माणसांचं घर आणि रोज वरण-भात असेल तर कुकरमधले डबे सोयीचे. एकाच आचेवर डाळ आणि भात दोन्ही होतं, खाली लागण्याची भीती नाही. पाच लिटरच्या कुकरच्या तळाशी जाळी आणि दोन वाट्या पाणी, खाली तूरडाळीचा डबा, वर तांदळाचा. तांदूळ फुलून जवळजवळ तिप्पट होतो, म्हणून तांदूळ आणि पाणी मिळून डबा दोन तृतीयांशाच्या वर भरू नका. वरच्या डब्यावर झाकणी नसेल तर कुकरच्या झाकणाचं पाणी भातात टपकतं. झाकणी ठेवा किंवा तेवढं पाणी आधीच थोडं कमी घाला.

अडचण डाळीची असते. तुरीला लागणाऱ्या पाच-सहा शिट्ट्या भाताला दिल्या की शितं फुटतात. डाळ अर्धा तास भिजवली की दोन्ही एका वेळेत बसतं: मध्यम आचेवर पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करा आणि आठ-नऊ मिनिटं ठेवा. शिट्ट्या मोजण्यापेक्षा घड्याळ बरं. मोठ्या आचेवर तीन शिट्ट्या चार मिनिटांत होतात, बारीक आचेवर दहा मिनिटांतही होत नाहीत. बराच वेळ पहिली शिट्टीच आली नाही तर एकतर कुकर खूप भरला आहे, नाहीतर रबर ढिलं आहे. तळाचं पाणी संपलंय का, हेही बघा, कारण कोरडा कुकर सेफ्टी वॉल्व्ह उडवतो.

थेट कुकरमध्ये लावला तर डब्याच्या अर्ध्या वेळेत होतो. मुरलेल्या कोलम-इंद्रायणीला दुप्पट पाणी, पहिल्या शिट्टीनंतर बारीक आचेवर चार-पाच मिनिटं. अर्धा तास भिजवून निथळलेल्या बासमतीला सव्वा ते दीड वाटी पाणी आणि एकच शिट्टी. थेट लावलेल्या भाताची पेज शिट्टीतून उडून ओटा पांढरा होतो. तांदूळ तीन पाण्यांनी धुवा, चमचाभर तूप घाला, कुकर निम्म्याच्या आत भरा, आणि दाब तयार झाला की आच कमी करा.

दोन्ही पद्धतींत एक चूक सर्रास होते: घाई आहे म्हणून शिट्टी उचलून वाफ काढणं. दाब एकदम उतरला की आतलं तापलेलं पाणी भडकून उकळतं, शितं फाटतात, आणि पेज वर येते ती निराळीच. दहा मिनिटं थांबा. मुरायला लागणारा वेळही त्यातच निघतो.

पातेलं

कोलम मोकळा हवा असेल, किंवा ज्याला अजून अंदाज आलेला नाही त्याला शिकायचं असेल, तर पातेलं घ्या, कारण डोळ्यांसमोर सगळं दिसतं. बूड जाड हवं. तांदूळ धुऊन वीस मिनिटं निथळत ठेवा. मोजलेल्या पाण्याला आधण आलं की तांदूळ वैरा, एकदाच हलवा, आणि मोठ्या आचेवर झाकण अर्धवट ठेवून उकळू द्या. पाणी तांदळाच्या पातळीला येऊन पृष्ठभागावर भोकं दिसू लागली की आच अगदी बारीक, खाली तवा, वर घट्ट झाकण आणि त्यावर वजन. आठ मिनिटांनी गॅस बंद, पुढची दहा मिनिटं झाकण उघडायचं नाही. मधेमधे झारा घालून बघणाऱ्याचा भात चिकट होतो: शितं मोडतात आणि आतली पिठी पाण्यात उतरते.

कणी राहिलीच तर वाटीमागे दोन-तीन चमचे गरम पाणी शिंपडून तव्यावर पाच मिनिटं वाफ द्या. खाली लागला तर खरवडू नका, वरचा भात अलगद दुसऱ्या भांड्यात काढा. करपल्याचा वास सगळ्या भातात शिरायला दोन मिनिटंही लागत नाहीत. गिचका झालेला भात मात्र मोकळा होत नाही, त्याला दही-दूध घालून मोकळं व्हावं.

वेळून

तांदूळ नवा की जुना, कोणता, काहीच माहीत नाही, किंवा पंचवीस माणसांचा स्वयंपाक आहे, तर वेळून करणं सुरक्षित. वाटीला सात-आठ वाट्या पाणी, उकळी आली की तांदूळ. भिजवलेला बासमती सात-आठ मिनिटांत, कोलम बारा-पंधरा मिनिटांत तयार होतो. शीत बोटांत दाबून बघा: दोन-तीन तुकडे व्हावेत आणि मधे पांढरा ठिपका जेमतेम दिसावा. लगेच रोवळीत किंवा चाळणीत ओता, मग पातेल्यात परत घालून तव्यावर पाच मिनिटं वाफ. पूर्ण शिजेपर्यंत थांबलात तर वाफेत तो जास्त शिजेल.

गॅस जास्त लागतो, कारण एवढं पाणी तापवून ओतून द्यायचं असतं. पेजेबरोबर ब जीवनसत्त्वांचा काही भागही जातो, म्हणून मीठ-जिरं घालून ती प्यावी. पेज काढली की भात मधुमेहाला चालतो, असं ऐकायला मिळतं. पाण्यात सुटलेली पिठी तेवढी जाते, शिताच्या आतली तशीच राहते, तेव्हा वाटी मोजूनच खावा. आणि इंद्रायणी कृपा करून वेळू नका, त्याचा वास आणि मऊपणा मोरीत जातो.

मग घ्यायचं काय? नाशिकच्या सातपूर-अंबड कारखान्यांच्या भागात एकटं राहून नोकरी करणाऱ्याला तीन लिटरचा कुकर आणि थेट भात. सोयीनं आणि गॅसच्या हिशेबानं त्याला तोड नाही. रोज वरण-भाताचं घर असेल तर डबे. घरात इंद्रायणी येत असेल तर कोणताही कुकर, पण मोकळा भात मागू नका. फोडणीच्या भातासाठी मुद्दाम जास्तीचा करायचा असेल तर कोलम पातेल्यात, पाणी पाव वाटी कमी. तो परातीत पसरून गार करा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये टाका. एप्रिल-मेच्या उकाड्यात रात्रभर ओट्यावर राहिलेला भात पोट बिघडवतो, पुन्हा गरम केला तरीही.