चुनखडीच्या देशात लागलेला चुना

मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पात गाडी भाड्याने घेऊन फिरायला डॅलस-ह्यूस्टनकडची मराठी मंडळी आता सर्रास जातात. अमेरिकेचा चालू व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असेल तर भारतीय पासपोर्टवर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही, विमानप्रवासही थोडक्यात उरकतो, त्यामुळे भारतातून आलेल्या आई-बाबांनाही नेता येतं. आम्ही तेच केलं. कानकूनला उतरायचं, वायादोलिदला मुक्काम, चिचेन इत्झा, मग कोबा, तुलुम (ही तिन्ही माया लोकांच्या प्राचीन नगरांच्या अवशेषांची ठिकाणं) आणि खाली बाकालारचं सरोवर. प्रदेश अप्रतिम आहे, जाऊ नका असं मी कुणालाही सांगणार नाही. पण या वाटेवर आम्हाला जिथे जिथे गंडवलं, तिथे सांगणारा अर्धं खरं सांगत होता. निव्वळ थाप असती तर तिथल्या तिथे कळली असती. म्हणून खरं कुठे संपतं आणि खोटं कुठे सुरू होतं, ते जरा खोलात लिहितो.

सुरुवात गाडीपासून. इंटरनेटवर भाडं दिवसाला सात-आठ डॉलर दिसत होतं. एवढ्या पैशात डॅलसला पार्किंग मिळत नाही, त्यामुळे पाल चुकचुकली होतीच, पण पानं उलटून पाहिली आणि कुठे काही लपवलेलं दिसलं नाही. विमानतळाबाहेर पडताना टाय लावलेले, गळ्यात ओळखपत्र अडकवलेले लोक "गाडी कुठली? इकडे या, कागद दाखवा" म्हणत अंगावर येतात. ते गाडीवाले नसतात, रिसॉर्टचे टाइमशेअर, म्हणजे दरवर्षी ठरावीक दिवस तिथे राहायचा हक्क, विकणारे असतात. त्यांच्याकडे न बघता सरळ बाहेर चालत सुटायचं. कंपनीची छोटी बस आम्हाला घेऊन ऑफिसात गेली, आणि तिथे काउंटरवरच्या तरुणाने अगदी गोड आवाजात सांगितलं की मेक्सिकोत विमा सक्तीचा आहे, तुमच्या क्रेडिट कार्डाचा विमा इथे चालत नाही.

आता यातलं खरं एवढंच: तुमच्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याच्या भरपाईचा विमा मेक्सिकोत कायद्याने लागतो, आणि अमेरिकी क्रेडिट कार्ड तो देत नाही. कार्ड देतं ते भाड्याच्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचं संरक्षण, तेही कार्डाकार्डावर अवलंबून. म्हणजे सक्तीची गोष्ट एकच. त्या तरुणाने तिच्या पोटात गाडीच्या नुकसानीचा विमा, प्रवाशांचा विमा आणि रस्त्यावरची मदत असं सगळं कोंबलं आणि पूर्ण गाठोड्याला 'सक्तीचा' म्हटलं. मी कार्ड कंपनीचं पत्र दाखवलं. ते वाचल्यासारखं करून तो म्हणाला, "चालेल, पण मग कार्डावर पाच हजार डॉलर अडकवून ठेवावे लागतील." आई-बाबा बॅगांवर बसून पेंगत होते, मागे रांग होती, आणि तो टॅबलेटवर भराभर पानं सरकवत "इथे सही, इथे सही" करत होता. करार स्पॅनिशमध्ये. आठ डॉलरची गाडी चाळीस डॉलरवर गेली.

तुम्ही जाल तेव्हा 'दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा धरून एकूण किती' हे कंपनीकडून आधीच ईमेलवर लेखी घ्या. जी कंपनी सरळ आकडा देते तिचं भाडं जास्त दिसेल. तिच्याकडूनच घ्या. गाडी ताब्यात घेताना व्हिडिओ काढताच, तर खाली वाकून गाडीच्या पोटाचाही काढा. का, ते पुढे येतंय.

वायादोलिदकडे जाताना पेट्रोल भरलं. मेक्सिकोत बहुतेक पंपांवर आपण हात लावायचा नसतो, पंपावरचा माणूसच भरतो. तो मागे उभा राहून नळी लावत होता आणि दुसरा पुढे येऊन काच पुसू लागला. एवढं आदरातिथ्य पाहून आम्ही खूश. बाबांची उभी हयात एसटीत गेली. ते मागच्या सीटवरून म्हणाले, "अरे, झिरो दाखवला का त्यानं?" आपल्याकडे पंपावरचा पोऱ्या स्वतःहून "झिरो बघा साहेब" म्हणतो, तो काही उगाच नाही. मी उतरून पाहिलं तर मीटर दोनशेच्या पुढे पळत होता. आधीच्या गिऱ्हाइकाचा आकडा न पुसताच त्याने भरायला सुरुवात केली असणार, पण आता सिद्ध कसं करणार?

खरी हातचलाखी पैसे देताना झाली. मी 500 पेसोंच्या दोन नोटा दिल्या. तो वळला, क्षणभरात परत फिरला आणि हातातली नोट माझ्यापुढे फडकवत म्हणाला, "सेन्योर, ही वीसची आहे." त्याच्या हातात खरंच एक 500ची आणि एक 20ची होती. आता नीट ऐका. 2018 मध्ये आलेली 500ची नोट निळी आहे आणि तिच्यावर बेनितो हुआरेझ या राष्ट्राध्यक्षांचं चित्र आहे. जुनी 20ची नोटही निळी, आणि तिच्यावरही हुआरेझच. परदेशी माणसाला वाटतं, दिली असेल आपणच घाईत. मलाही तसंच वाटलं आणि मी आणखी एक 500ची काढून दिली. पुढे टोलनाक्यावर पाकिटातले पैसे मोजताना लक्षात आलं की एटीएममधून 20ची नोट आलीच नव्हती. त्या आधी सुटे कुठे घेतलेच नव्हते, मग वीसची येणार कुठून?

दोन्ही नोटा शेजारी ठेवून एकदा बघून घ्या. 20ची आकाराने लहान आणि प्लास्टिकची, तिला छोटी पारदर्शक खिडकी असते. 500च्या पाठीवर देवमासा आहे. पैसे देताना प्रत्येक नोटेचा आकडा मोठ्याने म्हणत हातात द्या: "किनिएन्तोस", म्हणजे पाचशे. आणि भरण्याआधी "एन सेरोस, पोर फावोर" म्हणून मीटरकडे बोट दाखवा. तेवढ्याने समोरच्याला कळतं की हे गिऱ्हाईक तयार आहे.

चिचेन इत्झाला मात्र आम्ही बिनधास्त फिरलो. तिथे तिकिटं दोन घ्यावी लागतात, एक केंद्राच्या पुरातत्त्व खात्याचं आणि एक युकातान राज्याचं. लोकांना ती फसवणूक वाटते, पण ती नाही, दोन्ही खरी आहेत. चार बाजूंच्या 91-91 पायऱ्या आणि माथ्यावरची एक धरून 365 पायऱ्यांचा तो कुकुलकानचा पिरॅमिड समोर आल्यावर बाबा बराच वेळ काही बोललेच नाहीत. पायऱ्यांपुढे टाळी वाजवली की पक्ष्याच्या चिवचिवाटासारखा पडसाद येतो, तो आईने इतक्यांदा ऐकला की शेवटी हिने हात धरून नेलं. एक सूचना: कानकून-तुलुम ज्या किंताना रो राज्यात आहे, तिथलं घड्याळ युकातान राज्याच्या एक तास पुढे असतं. परतीचं गणित चुकवू नका.

सगळेच तसे नसतात, हेही सांगायला हवं. वायादोलिदजवळ गावकऱ्यांच्या सामाईक जमिनीवरच्या एका सेनोतेत आम्ही उतरलो. या भागात जमिनीवर नदी जवळजवळ नाहीच, सगळं पाणी चुनखडीच्या पोटातून वाहतं, आणि छत कोसळलं की खाली पाण्याने भरलेली गुहा उघडी पडते, ती सेनोते. वरच्या भोकातून उन्हाचा एकच झोत पाण्यात उभा होता आणि झाडांची मुळं दोरखंडासारखी खाली लोंबत होती. तिथल्या माया समाजातल्या एका बाईंनी आधी अंघोळ करून सनस्क्रीन धुवायला लावलं, फळ्यावर लिहिलेलेच पैसे घेतले, आणि मी चुकून जास्त दिलेली नोट परत केली. वर पोलो पिबिल खाऊ घातलं: मसाला लावलेली कोंबडी केळीच्या पानात गुंडाळून जमिनीतल्या खड्ड्यात शिजवलेली. बाबा अलिबागकडचे, म्हणाले, "ही तर पोपटीच की गं!"

तुलुमला पुन्हा तेच सुरू. 307 नंबरच्या महामार्गावरून अवशेषांकडे वळायच्या आधीच शिट्ट्या फुंकणारे, एकसारखे शर्ट घातलेले लोक गाडीपुढे आडवे येतात. "पुढे गाडी नेता येत नाही, इथेच लावा, मनगटाला बांधायचा पट्टा घ्या, शिवाय पट्ट्याशिवाय आत सोडत नाहीत." खरं काय? अवशेषांभोवती आता जग्वार पार्क नावाचं मोठं उद्यान झालंय, गाडी बाहेरच ठेवावी लागते आणि पुरातत्त्व खात्याच्या तिकिटाबरोबर उद्यानाचे वेगळे पैसे पडतात. पट्टाही खराच मिळतो, पण खिडकीवर. या लोकांनी फळ्यावर आकड्यापुढे डॉलरचं चिन्ह काढलं होतं. मेक्सिकोत पेसोलाही तेच चिन्ह वापरतात, हे त्यांना ठाऊक आणि आम्हालाही ठाऊक. विचारलं तर म्हणे अमेरिकी डॉलर. त्यात बोटीची सफर जोडलेली, जी आम्हाला नकोच होती. आईचे गुडघे, डोक्यावर ऊन, मी पैसे दिले. आत पोचल्यावर खिडकीवरच्या मुलीने तो पट्टा पाहिला, मान हलवली आणि नवीन तिकिटं फाडली.

याच राज्यात विमानतळावरून निघताना परदेशी पर्यटकांना 'विझिटॅक्स' नावाचा राज्याचा कर भरावा लागतो, 2021 पासून. हिने तो गूगलवर वर आलेल्या पहिल्याच साइटवर डॉलरमध्ये भरला. पावती आली, सरकारी शिक्क्यासारखं चित्रही होतं. नंतर कळलं, मधल्या दलालाने दुपटीहून जास्त उकळले होते. सरकारी पत्त्याच्या शेवटी 'गॉब डॉट एमएक्स' असतं, तेवढं बघा.

पोलिसाचंही थोडक्यात. बाकालारच्या रस्त्यावर एकाने थांबवून वेग जास्त होता म्हणाला, लायसन्स काढून घेतो, सोमवारी कचेरीत या. दंडाची हमी म्हणून लायसन्स ठेवून घेतात, हे तिथे खरंच होतं. मी शांतपणे म्हटलं, "पावती द्या, सोमवारी येतो." मग त्याने आकाशाकडे बघत विचारलं, "कोमो ले आसेमोस?", म्हणजे काय करायचं मग? मी पुन्हा पावती मागितली. ऊन फार होतं बहुतेक, त्याने लायसन्स परत दिलं.

गाडी परत देताना तो काउंटरवाला तरुण नव्हता. दुसऱ्याने आरसा गाडीखाली सरकवला आणि पोटाला ओरखडा दाखवला. मेक्सिकोत गावागावांत 'तोपे' म्हणजे गतिरोधक असतात, कित्येकांवर ना पाटी ना रंग, त्यामुळे गाडी घासली नसेलच अशी शपथ मी घेणार नाही. पण 'सगळं धरून' म्हणून गळ्यात मारलेल्या त्या विम्यात टायर, काचा आणि गाडीचं पोट धरलेलंच नव्हतं. स्पॅनिशमधल्या करारात ते होतं. कार्डातून चारशे डॉलर कापले.

घरी आल्यावर बँकेकडे तक्रार केली. सोबत व्हिडिओ, करार आणि "दुरुस्तीचं गॅरेजचं बिल दाखवा" अशी मागणी. कंपनीने फोटो पाठवला, बिल काही पाठवलं नाही. बँकेने ते चारशे परत दिले. विम्याच्या पैशांबद्दल मात्र बँकेने एका ओळीत कळवलं की खाली तुमची सही आहे.