साधा कॉर्डलेस फोन: आवाजाला चांगला, पण बॅटरी, जागा आणि वीज सांभाळली तरच

बीटेलचा एक्स ७०, पॅनासॉनिकचा केएक्स-टीजी ३४११ आणि त्याच जातीचे एका हँडसेटचे कॉर्डलेस फोन साधारण दोन-तीन हजार रुपयांत मिळतात. २.४ गिगाहर्ट्झवर चालणारे हे डिजिटल सेट आहेत. आवाज स्वच्छ येतो, बटणं मोठी आहेत, नंबर पडद्यावर दिसतो आणि हँडसेट सापडत नसेल तर बेसवरचं, म्हणजे लाइन जोडलेल्या चार्जिंगच्या स्टँडवरचं, बटण दाबून तो वाजवता येतो. फायबरच्या बऱ्याच प्लॅनबरोबर लँडलाइन नंबर मिळतोच, त्यामुळे दुमजली घरात, दवाखान्यात, सोसायटीच्या ऑफिसात किंवा मोबाइलचा पडदा ज्यांना झेपत नाही अशा आजी-आजोबांच्या खोलीत असा फोन आजही उपयोगाचा आहे. मात्र घरातला एकमेव फोन म्हणून तो घेऊ नये. त्याच लाइनवर वायरचा एक साधा फोन हवाच. कारण पुढे येईलच.

खोक्यात बेस, हँडसेट, अ‍ॅडॅप्टर, आरजे-११ ची, म्हणजे फोन लाइनच्या छोट्या प्लगची, वायर आणि एएए आकाराचे निकेल मेटल हायड्राइडचे दोन रिचार्जेबल सेल असतात. या सेटचं निम्मं आयुष्य त्या दोन सेलवर अवलंबून आहे. प्रत्येक सेल १.२ व्होल्टचा असतो. घड्याळात किंवा रिमोटमध्ये घालतो ते साधे सेल १.५ व्होल्टचे असतात. ते घातले तर फोन चालू होतो, पडदाही ठणठणीत दिसतो. पण बेसवर ठेवताच त्या सेलमध्ये चार्जिंगचा करंट जाऊ लागतो आणि ते त्यासाठी बनलेलेच नसतात. ते गरम होतात, गळतात, क्वचित फुटतातही. गळलेलं रसायन आतल्या स्प्रिंगा खाऊन टाकतं आणि सेट कायमचा जातो. दुरुस्तीला येणाऱ्या ‘डेड’ हँडसेटचं झाकण उघडल्यावर आत रिमोटचे सेल दिसणं हा अगदी नेहमीचा प्रकार आहे.

सेल घालताना सपाट टोक, म्हणजे ऋण बाजू, स्प्रिंगकडे आधी दाबायची. सेलवर प्लॅस्टिकची पट्टी असेल तर ती काढायची. मग माहितीपत्रकात दिलेला वेळ हँडसेट बेसवर न उचलता ठेवायचा. कुठे हा वेळ सात तास असतो, कुठे सोळा. नवे सेल घातल्या घातल्या पडद्यावर बॅटरी भरलेली दिसते, तिच्यावर विश्वास ठेवू नका. हँडसेट व्होल्टेज बघून अंदाज बांधतो आणि पहिलं चार्जिंग पुरं होईपर्यंत तो अंदाज चुकतो.

एक-दोन वर्षांनी सेल बदलायची वेळ येते. रात्रभर बेसवर असलेला हँडसेट भरलेला दिसतो आणि दहा मिनिटं बोलताच ‘टूं टूं’ करायला लागतो, तेव्हा सेल संपले असं समजा. बेस किंवा अ‍ॅडॅप्टर बदलण्याच्या भानगडीत पडू नका. दोन्ही सेल एकाच वेळी, एकाच कंपनीचे आणि एकाच क्षमतेचे घ्या. ५५० ते ८०० मिलिअँपिअर-तासाचे पुरे. जास्त आकडा बघून हजाराच्या पुढचे घेतले तरी चालतात, पण बेसचं चार्जिंग मुळात संथ असतं, ते पूर्ण भरायला बराच जास्त वेळ घेतात. जुने सेल कचऱ्याच्या बादलीत न टाकता ई-कचऱ्यात द्यावेत.

आता लाइन. कॉर्डलेस जोडण्याआधी साधा वायरचा फोन लावून डायल टोन ऐका. तिथेच खरखर असेल तर नवा सेट आणूनही ती जाणार नाही. तांब्याच्या जुन्या लाइनवर आरजे-११ च्या मधल्या दोन तारांवर सुमारे ४८ व्होल्ट डीसी कायम असतात आणि रिंग येते तेव्हा त्यावर ७५ व्होल्टच्या आसपास एसी चढतो. त्यामुळे भिंतीवरची डबी उघडून उघड्या तारा हाताळताना रिंग आली तर चांगलाच झटका बसतो. तांब्यावरच जुनं ब्रॉडबँड असेल तर फोनच्या आधी आवाज आणि इंटरनेट वेगळं करणारा स्प्लिटर लागतो, नाहीतर बोलताना सतत सूं-सूं ऐकू येते.

फायबर आलेल्या घरात फोन भिंतीतल्या जुन्या सॉकेटला नव्हे, तर फायबरच्या डब्याला, म्हणजे ओएनटीला लावायचा असतो. त्यावर फोनचं चित्र असतं किंवा ‘टेल’, ‘फोन’, ‘पॉट्स’ असं लिहिलेलं छोटं पोर्ट असतं. शेजारची मोठी पोर्टं इंटरनेटची. आरजे-११ चा छोटा प्लग मोठ्या पोर्टातही घुसतो, पण तिथे टोन येत नाही, आणि जोर केला तर कडेच्या पिना वाकून ते पोर्ट खराब होतं. प्लग ‘टक’ असा आवाज करून बसला पाहिजे. टोन नसेल तर आधी डब्यावरचा फोनचा दिवा बघा. तो बंद असेल तर नंबर डब्यात चढवलेलाच नाही. ते काम लाइनमनचं आहे, तुमच्या सेटचा त्यात दोष नाही.

घरभर फिरवलेलं जुनं वायरिंग वाया जाऊ नये म्हणून काहीजण ओएनटीचं फोन पोर्ट भिंतीतल्या सॉकेटला जोडतात. जोडता येतं, पण बाहेरून येणारी तांब्याची जोडी मुख्य डबीत आधी तोडून वेगळी केली पाहिजे. नाहीतर एक्स्चेंजचे व्होल्ट आणि डब्याचे व्होल्ट समोरासमोर येतात आणि फोनचं पोर्ट जळू शकतं. हे मनाने करू नका, लाइनमनकडूनच करून घ्या.

विजेचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि दुकानात तो कोणी सांगत नाही. कॉर्डलेसचा बेस अ‍ॅडॅप्टरवर चालतो. लाइट गेली की बेस बंद. मग हँडसेटची बॅटरी भरलेली असून उपयोग नाही, कारण हँडसेट बोलतो तो बेसशी. तांब्याच्या लाइनवर वायरचा फोन लाइट नसतानाही चालतो, कारण त्याला एक्स्चेंजच्या बॅटरीतून वीज मिळते. फायबरवर ती सोय गेली. तिथे ओएनटीलाही घरातली वीज लागते.

इन्व्हर्टर असेल तर ओएनटी आणि बेस दोन्ही इन्व्हर्टरच्या सॉकेटवर घ्या. नसेल तर राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस घ्यायचा. मात्र तो ओएनटीला १२ व्होल्ट देतो आणि कॉर्डलेसच्या बेसला बहुधा सहा ते साडेसात व्होल्ट लागतात. पिन बसते म्हणून १२ व्होल्टची वायर बेसला लावली तर बेस जळतो. अशा घरात छोटा यूपीएस फक्त ओएनटीला ठेवायचा आणि त्याला वायरचा साधा फोन जोडायचा. त्या फोनला लागणारी वीज ओएनटीच पुरवतो, त्यामुळे लाइट नसतानाही १०८ किंवा ११२ लावता येतो. पोर्ट एकच असेल तर बाजारात एकाचे दोन करणारा आरजे-११ चा जोड मिळतो. वायरचा फोन आणि कॉर्डलेस असे दोन सेट ओएनटी आरामात वाजवतो. चार-पाच लावले की रिंग दबकी येते किंवा येतच नाही.

बेस कुठे ठेवता यावर रेंज ठरते. खोक्यावरचा मोठा आकडा मोकळ्या मैदानातला असतो. आपल्याकडच्या आरसीसी स्लॅबच्या घरात एक मजला आणि दोन भिंती एवढं धरून चाला. बेस घराच्या मध्यावर, छातीच्या उंचीला किंवा त्याहून वर ठेवावा. लोखंडी कपाटाच्या मागे, टीव्हीमागच्या कोनाड्यात, मोठ्या आरशाजवळ किंवा जाळीच्या सेफ्टी डोअरला चिकटून ठेवला तर आवाज तुटतो. दुमजली घरात जिन्याजवळची जागा सहसा सगळ्यात चांगली.

वाय-फाय राउटरही २.४ गिगाहर्ट्झवर असतो आणि मायक्रोवेव्हही त्याच पट्ट्यात गळती सोडतो. बेस आणि राउटर यांच्यात निदान एक-दोन मीटर अंतर ठेवा. फायबरच्या डब्यालाच वाय-फाय असतं आणि फोनची वायर जेमतेम वीतभर येते, म्हणून बहुतेक घरांत बेस डब्याच्या डोक्यावर बसवलेला दिसतो. ती सगळ्यात वाईट जागा. चार-पाच मीटरची आरजे-११ वायर स्वस्तात मिळते, ती आणून बेस दूर न्या. तरीही बोलताना आवाज तुटत असेल किंवा फोन आला की व्हिडिओ अडकत असेल, तर टीव्ही आणि मोबाइल ५ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर टाका.

आता सेटिंग. तारीख-वेळ घाला, डायलिंग टोनवरच आहे ना बघा. पल्सवर, म्हणजे जुन्या चकतीच्या फोनसारख्या टक-टक डायलिंगवर, असेल तर बँकेच्या फोनवर ‘एक दाबा’ला काही होत नाही. दुसरा कॉल घेताना आर बटण दाबल्यावर पहिला कॉल तुटत असेल तर फ्लॅशची वेळ, म्हणजे आर दाबल्यावर लाइन जितका क्षण तुटते ती, कमी करा. काहीच घडत नसेल तर वाढवा. फोनबुकात मोबाइल नंबर भरताना पुढे शून्य लावा. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइल लावताना शून्य लागतं, आणि ‘नवा फोन मोबाइलला लागतच नाही’ या तक्रारीमागे बहुतेकदा हेच कारण निघतं. येणाऱ्याचा नंबर दिसत नसेल तर आधी ती सेवा लाइनवर चालू आहे का विचारा. ती चालू असूनही दिसत नसेल तर नंबर पाठवायची पद्धत, डीटीएमएफ की एफएसके, ही डब्याच्या सेटिंगमधून बदलून घ्या.

हँडसेटवर ‘सर्च’ किंवा ‘रेंज नाही’ असं कायम येत असेल तर आधी बेसचा अ‍ॅडॅप्टर काढून लावा. त्यानेही झालं नाही तर पुन्हा नोंदणी: बहुतेक सेटांत बेसवरचं हँडसेट शोधायचं बटण काही सेकंद दाबून ठेवायचं, हँडसेटच्या मेनूत नोंदणी निवडायची आणि पिन द्यायचा. कारखान्यातून तो बहुधा ०००० असतो. नोंदणी झाल्यावर तो बदलून टाका. नव्वदीतल्या जुन्या अ‍ॅनालॉग कॉर्डलेसवरचं बोलणं शेजारच्या सेटवर ऐकू यायचं. या डिजिटल सेटांत ते तसं सहज होत नाही. तसला जुना सेट कुठे चालू असेल तर आता बदलावाच.

मुंबई, कोकण, गोव्याच्या खाऱ्या हवेत चार्जिंगच्या पत्र्यांवर काळपट थर चढतो आणि बेसवर ठेवूनही हँडसेट भरत नाही. महिन्यातून एकदा अ‍ॅडॅप्टर काढून हँडसेटचे आणि बेसचे दोन्हीकडचे पत्रे कोरड्या फडक्याने पुसा. डाग चिवट असेल तर खोडरबर हलक्या हाताने फिरवा. थिनर नको, पॉलिश पेपर तर मुळीच नको, त्याने मुलामा निघून गंज लवकर धरतो. कानाकडच्या भागात लोहचुंबक असतं, त्याला टाचणी-सुई चिकटते. शिवणकामाच्या टेबलावर हँडसेट पडलेला असेल तर कानाला लावण्याआधी बघून घ्या.

वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा कडकडायला लागण्याआधीच अ‍ॅडॅप्टर आणि फोनची वायर दोन्ही काढून ठेवा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, तांब्याच्या लाइनवरून आलेला दाब फोनच्या वायरीतून बेसमध्ये शिरतो. विजा चालू असताना बोलायची वेळ आलीच तर वायरच्या फोनपेक्षा कॉर्डलेसचा हँडसेट माणसाला सुरक्षित, कारण त्याला तार नाही. जायचा तर बेस जाईल. सर्ज प्रोटेक्टर लावणार असाल तर फोनचं सॉकेट असलेला घ्या, आणि घरातलं अर्थिंग नीट असेल तरच त्याचा उपयोग आहे.

पेसमेकर असलेल्यांनी हँडसेट छातीच्या खिशात ठेवू नये, निदान १५ सेंटिमीटर अंतर ठेवून उलट बाजूच्या कानाने बोलावं आणि डॉक्टरांना एकदा विचारून घ्यावं. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांना या सेटवर कधी गुणगुण ऐकू येते. त्यांच्यासाठी घ्यायचा तर स्पीकरफोन असलेला आणि दुकानात कानाला लावून बघितलेलाच घ्या.

अमेरिकेतल्या मुलांनी तिथून आणलेला सेट इथे लावू नका. तिथले डेक्ट ६.० चे फोन १९२० ते १९३० मेगाहर्ट्झवर चालतात आणि भारतात १९२० पासूनचा पट्टा मोबाइल कंपन्यांचा आहे. हँडसेट टॉवरच्या कामात अडथळा आणतो आणि त्याचा वापर इथे बेकायदा ठरतो. शिवाय तिथले अ‍ॅडॅप्टर बरेचदा फक्त १२० व्होल्टचे असतात, आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटला लावताच जळतात. इथलाच सेट घ्या, आणि घेताना त्याच मॉडेलचा सुटा अ‍ॅडॅप्टर मिळतो का हे दुकानदाराला आधी विचारा. सेल कुठेही मिळतात. अ‍ॅडॅप्टर गेला आणि तसाच दुसरा मिळाला नाही, तर चांगला चालणारा सेटही नुसता पडून राहतो.